गाडी गरम होते, पण नेमकी कधी?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे सरकला की वर्धा रोडला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात, आणि गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं, "भाऊ, ऊनच इतकं तापून राहिलं, गाडी गरम होणारच ना." हे अर्धंच खरं आहे, कारण चांगली गाडी नवतपातही (उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस) एसी लावून अमरावतीपर्यंत आरामात जाते.

ऊन करतं काय ते आधी बघू. पेट्रोल-डिझेल जळून निघालेल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी ओढायला कामी येतो, तितकाच सायलेन्सरमधून जातो आणि उरलेली बरीचशी उष्णता कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं पाणी, उचलून पुढच्या जाळीतून, म्हणजे रेडिएटरमधून, हवेत सोडतं. रेडिएटर किती सोडणार हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंश आणि हवा २५ असेल तर फरक ७०, हवा ४५ झाली की फरक ५०, म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद पाव भागाहून जास्त गेली. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला, तो आपली गरम हवा याच्याच तोंडावर फेकतो. कंपन्या हे धरूनच रेडिएटर देतात, त्यामुळे मे मध्ये तापलेली गाडी बहुतेक वेळा जानेवारीपासूनच आजारी असते, फक्त थंडीत ते दिसत नाही.

म्हणून मेकॅनिककडे जायच्या आधी एकच गोष्ट नीट आठवा, तापमानाचा काटा चढतो कधी?

व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलं की चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर आधी फॅनकडे बघा. पळताना समोरून हवा आपोआप लागते, उभ्या गाडीला फॅनशिवाय कोणी नाही. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन थोड्याच वेळात फिरायला लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला वीज देणारा स्विच), मग मोटर तपासा. फसवणारी केस म्हणजे फॅन फिरतो पण मरगळल्यासारखा, आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात आणि बघणारा म्हणतो फॅन तर चालू आहे. (सिग्नलला एसी एकदम गार हवा द्यायचा बंद झाला तर एसीचा गॅस भरायला पळू नका, इंजिन तापलं की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर स्वतःच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो.)

उलट गावात ठीक, पण छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात तापते, तर फॅन सोडा, पाणी कमी फिरतंय किंवा रेडिएटर चोंदलाय. टॉर्च घेऊन कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बघा, आपल्याकडे तिथे धूळ, किडे-पाखरं, कापसाचं तूस यांचा चक्क थर बसलेला असतो आणि समोरून जाळी स्वच्छ दिसते. आतून चोंदण्याचं कारण बहुतेक वेळा बोअरचं पाणी. त्यातले क्षार नळ्यांत बसतात आणि तो थर अॅल्युमिनियमपेक्षा शंभरेक पटीने कमी उष्णता जाऊ देतो. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा, साधारण निम्मं-निम्मं. नुसतं घट्ट कूलंट भरलं तर उलट नुकसान, कारण उष्णता वाहून न्यायला पाणी कूलंटमधल्या ग्लायकोलपेक्षा सरस आहे.

गाडी सुरू करून थोड्याच वेळात काटा वर, वरचा होजपाइप चटका देतो आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अडकला असण्याची शक्यता जास्त. याच्या पोटात मेण असतं, ८२ ते ८८ अंशांच्या आसपास ते वितळून फुगतं आणि वाट उघडतं. काढून घरी पातेल्यात पाणी तापवून त्यात लटकवा, पाणी उकळलं तरी उघडला नाही तर गेला. "काढूनच टाकू" हा सल्ला मात्र ऐकू नका, काही इंजिनांत तो काढला की बायपासची वाट उघडी राहते आणि बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालूनच फिरतं.

कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच नाही, गार इंजिन सुरू करताच कूलंटच्या टाकीत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, हे दिसलं तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलं समजा. इथे घरगुती उपाय संपतात.

आणि तापलेला काटा अचानक खाली पडला तर हुश्श करू नका, कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला असू शकतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. दाबामुळे आतलं पाणी १०० च्या वरही न उकळता असतं, झाकण सैल झालं की दाब पडतो आणि त्याच क्षणी ते वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास सावलीत बसा, आणि गरम ब्लॉकमध्ये बिसलेरीचं गार पाणी ओतायचा मोह आवरा, हेडला तडा गेला तर मघाशी ज्याला ५०० रुपयांचा फ्यूज-रिले लागला असता त्याला आता अख्खं इंजिन खोलावं लागेल.