सोलर पॅनेलखाली भाजी: ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांसाठी माहिती

गच्चीवर सोलर बसवायचं ठरत असेल आणि त्याखाली भाजीही हवी असेल, तर स्ट्रक्चर उभं राहण्याआधीच सांगा. उंची नंतर वाढवायची म्हणजे सगळं उतरवून पुन्हा बांधायचं.

पॅनेलची दक्षिणेकडची, म्हणजे खालची कड स्लॅबपासून 8 फूट तरी हवी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य जेमतेम 47 अंश वर येतो, त्यामुळे 8 फुटांच्या कडेखालून ऊन सात फुटांहून थोडं जास्त आत शिरतं. याउलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि खाली निव्वळ सावली पडते. म्हणून पालेभाजीचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दक्षिणेच्या पट्ट्यात पालक, मेथी, कोथिंबीर, माठ लावा. आतल्या सावलीत अळू, हळद, आलं. हळद-आलं मे-जूनमध्ये लावलं की पावसाळा सावलीत छान काढतं. टोमॅटो, वांगी, भेंडी पॅनेलखाली लावूच नका: रोप उंच होतं, पण फळ धरत नाही. त्यांना रोज सहा तास थेट ऊन लागतं, त्यांची जागा मोकळ्या गच्चीत.

सगळ्यात जास्त लक्ष वजनाकडे द्या. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 या मानकात चौरस मीटरला 150 किलो भार धरलेला आहे. माती-खताचं सहा इंच ओलं मिश्रण एवढ्या जागेत साधारण तेवढंच भरतं, आणि स्ट्रक्चर, माणसं, पाऊस हे वेगळंच. एक फूट मातीचा वाफा तर अजिबात नको. ट्रे आणि ग्रो-बॅगांनी एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा व्यापू नका, जड बॅगा बीमच्या रेषेवर ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्या. इमारत जुनी असेल तर त्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही. मिश्रणात कोकोपीट 4 भाग, गांडूळखत 3, माती 3. हळदीला 12 इंच खोल बॅग, पालेभाजीला 6 इंची ट्रे पुरतो. सगळं विटांवर किंवा स्टँडवर 4 इंच उचलून ठेवा, नाहीतर पाणी साचून वॉटरप्रूफिंग खराब होतं.

पावसाळ्यात पॅनेलच्या खालच्या कडेवरून पाण्याची धार पडते. तिच्याखाली ठेवलेली रोपं एका सरीत उघडी पडतात. कडेला पीव्हीसी पन्हळ लावून पाणी पिंपात घ्या. त्यात कबुतरांची विष्ठा असते, तेव्हा ते हळदीच्या बुंध्याशी घाला, कोथिंबीर-पुदिन्यावर कधीच नको. कबुतरं पॅनेलखालीच घरटी करतात, त्यामुळे बाजूंना जाळी लागतेच.

दोडका, कारलं स्ट्रक्चरवर चढू देऊ नका. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पानांची सावली पडली तरी त्याला जोडलेल्या पूर्ण ओळीची वीज घटू शकते. खाडीची खारी हवा लोखंड खाते, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेले) पाइप आणि स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट मागा. खताचं पाणी खांबांच्या बेसप्लेटवर सांडू देऊ नका.

पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. इन्व्हर्टर बंद केला तरी उन्हात त्या जिवंतच राहतात. त्या पाइपातून आणि बॅगांच्या उंचीच्या वर नेलेल्या असाव्यात. पाइप फुटलेला दिसला तर हात न लावता फोन करा. पॅनेल धुवायला येणाऱ्या माणसासाठी दोन फुटांची वाट मोकळी सोडा.