ओव्हरलँड ट्रक आणि मोबाइल सफारी: तंबू कोण ठोकतं ते सोडा, कुठे ठोकतात ते विचारा

बोट्स्वानाचा बेत आखणाऱ्या ग्रुपमध्ये एक वाक्य हमखास येतं: "दोन्हीकडे तंबूच, प्राणीही तेच, मग मोबाइल सफारीला एवढे जास्त पैसे कशाला?" ऐकून कान किटलेत.

ओव्हरलँड ट्रक बहुतेकांना माहीत असतो. केपटाउन किंवा विंडहुकहून व्हिक्टोरिया फॉल्सपर्यंत, वीसेक माणसं, उंच खिडक्यांचा ट्रक. तंबू आपला आपण उभारायचा, भाजी चिरायला नि भांडी घासायला पाळ्या, धुतलेली ताटं हवेत हलवून वाळवायची. मजा येते. भांड्यांची पाळी आली की ज्याची पाठ धरते, त्याने मात्र जाऊ नये.

मोबाइल सफारीत मोजकी माणसं, बाजूंनी उघडी लँड क्रूझर, आणि तुम्ही पोचेपर्यंत गाद्या घातलेले तंबू नि झाडाला टांगलेली शॉवरची बादली तयार. जाहिराती हेच रंगवतात, म्हणून लोक समजतात की फरक फक्त लाडांचा आहे. लाडांचं राहू द्या.

बोट्स्वानाच्या राष्ट्रीय उद्यानांत अंधारात गाडी चालवायला बंदी आहे. त्यामुळे उजाडताना आणि मावळतीला तुम्ही उद्यानाच्या आत आहात की बाहेर, यावरच काय दिसणार ते ठरतं. मोठ्या ट्रकला मोरेमी या ओकावांगो डेल्टातल्या अभयारण्यातली वाळू झेपत नाही. त्याचा मुक्काम बहुधा माउन किंवा कासाने गावच्या कॅम्पसाइटवर, जिथे बार असतो, पोहायचा तलाव असतो. माउनहून मोरेमीचं दक्षिण गेट साधारण शंभर किलोमीटर, त्यातला बराच रस्ता हाडं खिळखिळी करणारा. पहाटे निघालात तरी आत शिरेपर्यंत ऊन चढतं आणि सिंह झुडपाखाली आडवे झालेले असतात. दुपार कलून ते उठायच्या सुमाराला तुम्ही परतीला लागलेले.

मोबाइल सफारीचा तंबू मोरेमीत थर्ड ब्रिजजवळ, ख्वाई नदीकाठी, नाहीतर चोबे राष्ट्रीय उद्यानातल्या सावुतीला लागतो. कुंपण नाही. तरस रात्री तंबूंमधून फिरतं आणि बाहेर राहिलेला बूट उचलून नेतं. सावुतीच्या सार्वजनिक कॅम्पसाइटवर तर पाण्यासाठी हत्ती घुसू नयेत म्हणून न्हाणीघरांभोवती भक्कम भिंत घातलीय. उजाडता उजाडता चहा ढोसून गाडीत बसलं की जंगल तिथूनच सुरू. पैसे याचे आहेत, गादीचे नाहीत. ताडोबाला आपण मोहर्लीत राहतो आणि पहाटे सगळ्यांच्या जिप्सी एकाच रांगेत गेटवर उभ्या असतात. आतला मुक्काम नि बाहेरचा मुक्काम असा हिशोब करायची सवयच आपल्याला नाही.

कासानेला हा फरक बराच कमी होतो, कारण चोबेचं सेडुडू गेट गावाला लागूनच आहे. संध्याकाळची नदीवरची बोटही दोघांना सारखीच. फक्त सकाळी त्या नदीकाठच्या पट्ट्यात गाड्यांची इतकी दाटी होते की एका सिंहिणीमागे मोटारींचं कडं दिसतं.

"आम्ही ओकावांगो केला" म्हणणाऱ्यांचंही एकदा सांगून टाकतो. ट्रकवाल्यांना माउनहून मोकोरोत, म्हणजे अरुंद होडीत बसवून, लांब काठीने ती ढकलत, डेल्टातल्या बेटावर मुक्कामाला नेतात. फार सुंदर अनुभव, मी कोणालाही जा म्हणेन. पण हा भाग सहसा मोरेमीच्या बाहेरचा असतो, गाडी नसते, फिरणं पायी. त्या दोन दिवसांवर मोरेमी पाहिल्याचा शिक्का मारू नका आणि बिबट्या दिसला नाही म्हणून गाइडवर रुसूही नका.

नामिबियात मात्र माझं मत ट्रकलाच. इटोशा राष्ट्रीय उद्यानातले ओकाउकुएयो, हलाली, नामुतोनी हे कॅम्प उद्यानाच्या आतच आहेत, कुंपणात. रस्ते ट्रकला चालणारे आणि उंच सीटवरून गवतापलीकडचंही दिसतं. ओकाउकुएयोच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात. जेवण उरकून बाकावर बसायचं, काळा गेंडा पाण्यावर येतो. इथे मोबाइल सफारीला जादा पैसे मोजणं मला पटत नाही.

बुकिंगआधी प्रत्येक रात्रीच्या कॅम्पसाइटचं नाव लेखी मागा. "चोबे परिसर" किंवा "डेल्टाचं प्रवेशद्वार" असं गोलमाल उत्तर आलं तर तंबू गावात लागणार असं धरून चाला, आणि किमतीची घासाघीस त्या हिशोबाने करा. जुलैत जाणार असाल तर लोकरीची टोपी आणि हातमोजे दोन्हीकडे लागतील.