ईपॉन आणि जीपॉन: फायबर तेच, मग मशीन बदलायला सुरुवात कुठून करायची?

ईपॉन आणि जीपॉन या एकाच फायबरचा उजेड स्प्लिटरने वाटून अनेक घरांना इंटरनेट द्यायच्या दोन पद्धती. अशा एका वाटलेल्या फायबरला पॉन म्हणतात. ऑपरेटरच्या खोलीतलं मशीन म्हणजे ओएलटी, गिऱ्हाइकाच्या घरातला डबा म्हणजे ओएनयू. आता ईपॉनच्या ओएलटीतून पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी फायबर वायर) काढा आणि जीपॉनच्या ओएलटीत खोचा. गिऱ्हाइकाच्या घरी पॉवर मीटर लावला तर मायनस एकवीस-बावीस डीबीएम, म्हणजे पॉवर झकास. तरीही एकही ओएनयू ओएलटीवर चढत नाही, म्हणजे जोडला जात नाही. पॉनचा लाइट लुकलुकत बसतो आणि फोन सुरू होतात.

उदगीर, जिंतूर, अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावांत केबल टीव्हीवरून इंटरनेटकडे वळलेल्या बऱ्याच ऑपरेटरांनी स्वस्त पडतं म्हणून ईपॉन टाकलं. आता ती मशिनं थकली आहेत आणि जीपॉन घ्यायचा विचार चालू आहे. घोटाळा इथेच होतो, कारण बाहेरून दोन्हींत काही फरक दिसत नाही. दोन्हींचा प्रकाश खाली येताना १४९० नॅनोमीटरचा, वर जाताना १३१० चा. स्प्लिटर तेच, हिरवे कनेक्टर तेच, २० किलोमीटरची मजलही तीच. मीटर फक्त उजेड किती आहे ते सांगतो. त्या उजेडात कोण कुठल्या भाषेत बोलतंय ते त्याला कळत नाही.

ईपॉन हे आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, २००४ च्या ८०२.३एएच या मानकातलं. त्यात साधी इथरनेटची पाकिटं जशीच्या तशी फायबरवर चढवतात. जीपॉन हे आयटीयू या दुसऱ्या मानक-संस्थेचं. त्याची जी.९८४ मालिका २००३ पासून आली. तिथे १२५ मायक्रोसेकंदांची ठरलेली चौकट असते आणि पाकिटांचे तुकडे करून तिच्यात बसवतात. आयईईईवाले घरातल्या डब्याला ओएनयू म्हणतात, आयटीयूवाले बहुधा ओएनटी. आपल्याकडे दोन्हीला ओएनयूच म्हणतात, त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते स्पीडच्या हिशोबात. ईपॉनच्या कागदावर १.२५ गिगाबिट लिहिलेलं असतं, पण त्यात दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागतात. म्हणजे हातात १ गिगाबिट. जीपॉन खाली २.४८८ आणि वर १.२४४ गिगाबिट देतं. एका पॉनवर ६४ घरं असतील आणि सगळी एकदम ओढायला लागली, तर ईपॉनवर घरटी साडेपंधरा एमबीपीएस येतात, जीपॉनवर एकोणचाळीसच्या आसपास. चौकट-नियंत्रणात जाणारा बारीकसारीक स्पीड वजा केला तरी दुप्पट सुटतात. एरवी सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून ईपॉनवरही शंभरचा प्लॅन खपून जातो. पण लातूरला क्लासेसच्या भागात एकेका इमारतीत पोरांच्या खोल्याच खोल्या असतात आणि रात्री सगळ्या व्हिडिओ लेक्चरला बसतात. तिथे हा हिशोब उघडा पडतो. 'ईपॉनचं अपलोड-डाउनलोड सारखं, म्हणून ते भारी' असं विकणारे सांगतात, ते मनावर घेऊ नका. सारखं आहे खरं, पण १ गिगाबिटवर सारखं. जीपॉनचं नुसतं अपलोड त्याहून जास्त आहे.

घरातला डबा कुठला ते ओळखायला तो उलटा करा. ईपॉनचा डबा ओएलटीत मॅक ॲड्रेसने (डब्याच्या हार्डवेअरच्या नंबराने) चढतो. जीपॉनचा सीरियल नंबरने चढतो: पहिली चार अक्षरं कंपनीची, पुढे आठ आकडे-अक्षरं. दोन्ही छापलेलं असेल आणि एक्सपॉन लिहिलेलं असेल, तर तो डबा दोन्हीकडे चालतो.

माझं मत असं की अपग्रेडची सुरुवात रॅकपासून करूच नये. खरा पैसा ओएलटीत नसतो, घराघरांतल्या डब्यांत असतो. आणि दोन्हींचा प्रकाश एकाच लांबीचा असल्याने एकाच फायबरवर ईपॉन आणि जीपॉन शेजारी नांदू शकत नाहीत. एक पॉन बदलला की त्या स्प्लिटरखालची सगळी घरं त्याच रात्री बदलायला हवीत. ६४ घरं एका रात्रीत कोण फिरणार? म्हणून आजपासून प्रत्येक नवीन जोडणीला आणि प्रत्येक बिघडलेल्या डब्याच्या जागी एक्सपॉनच लावा. वर ईपॉनचीच ओएलटी असली तरी तो तिच्यावर निमूट चालतो. जुना ईपॉनचा डबा उरलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी झाली की मगच तो पॉन हलवा.

मात्र एक्सपॉनच्या नावावर आंधळा भरवसा नको. काही डबे आपोआप पक्ष बदलतात, काहींना सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं. जीपॉनची ओएलटी वेगळ्या कंपनीची असेल, तर इंटरनेट चालतं पण वायफायचं नाव-पासवर्ड वरून बदलता येत नाही, असंही होतं. म्हणून आधी दोन-तीन डबे दुकानातच दोन्ही ओएलटींवर लावून बघा. पीपीपीओईचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या इंटरनेट लॉगिनचं युझरनेम पक्ष बदलल्यावर टिकतं का, ते मुद्दाम तपासा. ते पुसलं गेलं, तर घरोघर फिरणं चुकत नाही.

पुढे १० गिगाबिटला जायचं असेल, तर जीपॉन घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. जीपॉनचा १० गिगाबिटचा भाऊ एक्सजीएस-पॉन (२०१६ चं जी.९८०७.१) खाली १५७७ आणि वर १२७० नॅनोमीटर वापरतं. जीपॉनचा वर जाणारा प्रकाश नंतर १२९० ते १३३० एवढ्या अरुंद पट्ट्यात आणला गेला, त्यामुळे १२७० ला जागा मोकळी आहे. एकाच फायबरवर जुने जीपॉनचे डबे आणि नवे १० गिगाबिटचे डबे एकत्र चालतात. एकाच पोर्टातून दोन्ही देणारी कॉम्बो पोर्टवाली ओएलटी घेतली की झालं. ईपॉनचा पट्टा १२६० ते १३६० असा ऐसपैस आहे आणि १२७० त्याच्या पोटातच येतो. ईपॉनलाही १० गिगाबिटचा भाऊ आहे, पण त्याला जुन्या डब्यांशी वर जायची वेळ वाटून घ्यावी लागते.

एसएफपी मॉड्यूल (ओएलटीच्या खाचेत बसणारा, प्रकाश पाठवणारा तुकडा) जुन्या ओएलटीतून काढून नव्या ओएलटीत घालायचा मोह होतो. खाचेत बसेल, चालणार नाही. नवी ओएलटी आली तरी तिच्यातून स्विचकडे जाणारी लाइन १ गिगाबिटचीच ठेवली, तर आठ पोर्टांचं जीपॉन घेऊन काही मिळवलं नाही. तिथे १० गिगाबिटचा अपलिंक हवाच. शिवाय परभणी-नांदेडकडे मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. ओएलटीच्या पानावर मॉड्यूलचं तापमान आणि पाठवलेली पॉवर दिसते. जुनी मशीन बदलायच्या आधी पंख्यात साठलेली धूळ काढा आणि दुपारी तो आकडा बघा. गिऱ्हाइकांची निम्मी रडगाणी मे महिन्यातच येत असतील, तर नवी ओएलटी त्याच खोलीत ठेवून तीही तशीच तापणार. आधी एक्झॉस्ट बसवा.