पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक : संशोधनाचा कल

पाण्यात, वाळूत, जलचरांच्या पोटात सापडणारे साधारण ५ मिमीच्या आतले प्लास्टिकचे कण म्हणजे मायक्रोप्लास्टिक, मराठीत सूक्ष्मप्लास्टिक, पण बोलताना तसं कोण म्हणत नाही. शब्द कधीचा यात थोडा घोळ आहे. बहुतेक जण २००४ सांगतात, म्हणजे ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांचा 'सायन्स' या नियतकालिकातला लेख, पण दक्षिण आफ्रिकेतल्या किनाऱ्यांवरच्या कामात तो १९९० च्या सुमाराला दिसतो आणि अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्रातले तरंगते कण तर १९७२ लाच नोंदवलेले आहेत. तेव्हा शब्द २००४ ला रुळला म्हटलेलं बरं. ५ मिमीची हद्द २००८ च्या अमेरिकेतल्या कार्यशाळेतून आली. १ मिमीवर थांबा म्हणणारेही आहेत, 'मायक्रो' या शब्दाला तेच जास्त शोभतं, पण जुना डेटा ५ चा.

खरी गोची खालच्या टोकाला आहे, म्हणजे किती बारीक कणापर्यंत मोजायचं यात. समुद्रात ओढायची जाळी बऱ्याचदा ३०० मायक्रॉनच्या (०.३ मिमी) आसपासच्या भोकांची, तिच्यातून कपड्यांचे धागे आरपार निसटतात, बारीक गाळणी लावली की आकडा फुगतो, पाणी तेच. मिठाचंही तसंच : वाळूतले कण वर काढायला साधं मीठ विरघळवलं तर द्रावणाची घनता १.२ च्या आसपास जाते, पॉलिथिन वर येतं पण पाण्याच्या बाटलीचं 'पेट' (पीईटी) प्लास्टिक (घनता सुमारे १.३८) वाळूतच बसून राहतं. झिंक क्लोराइड या जड क्षारानं तेही येतं, फक्त ते महाग आणि विषारी. म्हणून दोन पेपरांतले आकडे शेजारी ठेवायच्या आधी जाळी आणि मीठ बघायचं. हल्ली कण एफटीआयआर किंवा रामन यंत्राखाली (प्रकाश टाकून पदार्थ कोणता ते सांगणारी यंत्रं) ओळखतात, नुसते डोळ्यांनी मोजलेले जुने आकडे जपूनच घ्यावे.

गोव्यातलं बरंचसं काम दोना पावलाच्या एनआयओचं, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं (स्थापना १९६६). २०१६ च्या अभ्यासात केरी, वागातोर, कळंगुट, कोलवा, मोबोर आणि गालजीबागच्या वाळूतल्या कारखानी गोळ्या (प्लास्टिकच्या वस्तू बनवायचा कच्चा माल) तपासल्या. मसुराएवढी गोळी, ताजी असली की पांढरी, उन्हात पडून पिवळी होते, भेगाळते, त्यावरून ती किती जुनी याचा अंदाज बांधतात. पावसाळ्यात जास्त मिळाल्या, वारा आणि प्रवाह त्या किनाऱ्याला लोटतात. नंतर मांडवी-जुवारी आणि साळ नदीच्या मुखाकडचं मासळीवरचं काम आलं. त्यात शिंपल्यांकडे जास्त बघायला हवं, कारण बांगडा आपण पोट साफ करून खातो, तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) मात्र आतल्या सगळ्यासकट.