करारबद्ध नोकर ते जमीनमालक (वसाहतकालीन अमेरिका)

सतराव्या शतकात इंग्लंडमधून व्हर्जिनिया आणि मेरीलँडला गेलेल्या बहुतेक लोकांकडे जहाजाच्या भाड्याचेही पैसे नव्हते, मग भाडं दुसऱ्याने भरायचं आणि त्या बदल्यात ह्यांनी साधारण चार ते सात वर्षं त्याच्याकडे बिनपगारी राबायचं, असा करार व्हायचा. आपल्याकडे मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांचं गिरमिट (अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे मजुरीचा करार) माहितीये, त्याच जातीचा पण दोनशे वर्षं आधीचा. कराराची प्रत एकाच कागदावर दोनदा लिहून मधून दातेरी कापायचे, तुकडे जुळले की कागद खरा.

आता जमिनीचं. १६१८ पासून व्हर्जिनियात माणूस आणला की ५० एकर, पण ते भाडं भरणाऱ्याला, राबणाऱ्याला नाही! हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण "नोकरांना जमीन मिळायची" असं सरसकट लिहिलं जातं. मेरीलँडमध्ये मात्र करार संपला की कपडे, दोन कुदळी, कुऱ्हाड, तीन पिंपं मका आणि ५० एकरांचा हक्क मिळायचा. नुसता हक्क हं. मोजणीची फी, नोंदणी, बियाणं, खायची सोय सगळं स्वतःचं, त्यामुळे कितीतरी जणांनी तो हक्क तंबाखूच्या बदल्यात विकून टाकला (तिथे तंबाखू हेच चलन होतं) आणि आधी काही वर्षं मजुरी किंवा कुळ म्हणून शेती केली.

तरी सुरुवातीला जमायचं. १६४२ च्या आधी मेरीलँडला आलेले जे नोकर करार संपेपर्यंत जगले आणि तिथेच राहिले त्यातले जवळपास निम्मे जमीनमालक झाले. जगले हे महत्त्वाचं, कारण ताप आणि जुलाबाने भरपूर माणसं करार संपायच्या आतच जायची. पुढे १७०३ मध्ये आयर्लंडहून नोकर म्हणून आलेला डॅनियल डुलानी वकील झाला, हजारो एकरांचा मालक झाला, फ्रेडरिक शहर त्यानेच वसवलं, पण तोपर्यंत असं नशीब दुर्मिळ झालं होतं. १६६० नंतर तंबाखूचा भाव पडला, किनाऱ्याजवळची चांगली जमीन बड्यांनी धरून ठेवली, १६८० च्या दशकात मेरीलँडची ५० एकरांची सोयही बंद झाली. सुटलेले नोकर आत सरहद्दीकडे सरकले, म्हणजे मूळ रहिवाशांच्या जमिनीवर, आणि १६७६ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरविरुद्ध झालेल्या बेकनच्या बंडात असे बिनजमिनीचे लोक खूप होते.

अँथनी जॉन्सनचं नाव इथे घ्यायलाच हवं. १६२१ मध्ये 'अँटोनियो' म्हणून व्हर्जिनियात आणलेला आफ्रिकी माणूस, तो करारबद्ध होता की गुलाम यावर अजून वाद आहे. सुटल्यावर १६५१ मध्ये पाच माणसांच्या हक्कावर २५० एकर मिळवले, १६५५ मध्ये जॉन कॅसर नावाच्या काळ्या माणसाला कोर्टाकडून जन्मभरासाठी ताब्यातही घेतलं. १६७० मध्ये तो मेरीलँडला वारला आणि त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या पंचांनी ठरवलं की तो काळा, म्हणून परका, म्हणून त्याची तिथली जमीन सरकारजमा करता येते. १६७७ मध्ये त्याच्या नातवाने मेरीलँडला ४४ एकर विकत घेतले, जमिनीला नाव ठेवलं अंगोला.