शाखाप्रमुख

शिवसेनेच्या संघटनेत एका शाखेची जबाबदारी सांभाळणारा पदाधिकारी. १९ जून १९६६ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी स्थापन केलेला हा पक्ष मुंबई-ठाण्यात शाखांच्या जोरावरच वाढला. मुंबईत साधारणपणे महापालिकेच्या एका प्रभागाला एक शाखा असते. शाखाप्रमुखाच्या हाताखाली उपशाखाप्रमुख आणि गटप्रमुख असतात, वर उपविभागप्रमुख आणि विभागप्रमुख. महिला आघाडीची शाखासंघटक त्याच शाखेतून काम पाहते. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेत (स्थापना २००६) याच तोडीच्या पदाला शाखाध्यक्ष म्हणतात.

हे पद निवडणुकीने मिळत नाही. नेमणूक पक्षनेतृत्व करते आणि ती बहुधा मुखपत्रातून जाहीर होते. कायद्याने त्याला कसलाही अधिकार नसतो, तरीही वस्तीत त्याच्या शब्दाला वजन असते. ते येते कुठून, हे संध्याकाळी शाखेत बसल्यावर कळते. बाहेरच्या फलकावर खडूने लिहिलेली सूचना, आत शिवाजी महाराजांचा पुतळा, एक टेबल आणि बाकड्यावर थांबलेली माणसे. कोणाच्या चाळीत नळाला पाणी येत नाही, कोणाचे रेशनकार्ड अडले आहे, कोणाला रुग्णालयात खाट हवी आहे, कोणाचा जावई मुलीला नांदवत नाही. शाखाप्रमुख ऐकून घेतो, तिथूनच वॉर्ड ऑफिसला फोन लावतो, पत्र देतो किंवा सोबत माणूस पाठवतो. अंत्ययात्रेची तयारी आणि रुग्णवाहिका यांसाठीही आधी शाखेतच निरोप जातो. ‘८० टक्के समाजकारण, २० टक्के राजकारण’ ही पक्षाची घोषणा लोकांना पटली, ती मुख्यतः या कामामुळे.

निवडणूक लागली की हीच ओळख कामी येते. गटप्रमुख मतदारयादी घेऊन घरोघर फिरतात. कोण गावी गेले आहे, कोणाचे नाव यादीतून गळले आहे, याचा हिशेब शाखाप्रमुखाकडे असतो. उमेदवारी मात्र त्याला मिळेलच असे नाही. वर्षानुवर्षे शाखा चालवणाऱ्याला डावलून तिकीट दुसऱ्याला गेले, की प्रभागात बंडखोरी होते.

मोर्चा, बंद आणि आंदोलनाला माणसे जमवणे हेही त्याचेच काम, आणि या पदाची काळी बाजू तिथेच आहे. १९९२-९३च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने जानेवारी १९९३मधील मुस्लिमांवरील हल्ल्यांबाबत शाखाप्रमुखांपासून शिवसेनाप्रमुखांपर्यंतच्या नेतृत्वाला जबाबदार धरले. अडल्या माणसाला मदत करणारी तीच यंत्रणा शेजाऱ्यावर उलटू शकते, हे वगळून या पदाचे वर्णन पुरे होत नाही.

पक्षातल्या अनेकांची राजकीय वाटचाल इथून सुरू झाली. नारायण राणे चेंबूरला शाखाप्रमुख होते. एकनाथ शिंदे १९८४मध्ये ठाण्यात किसननगरचे शाखाप्रमुख झाले, १९९७मध्ये नगरसेवक. दोघेही पुढे मुख्यमंत्री झाले.

जून २०२२च्या फुटीनंतर एकाच प्रभागात दोन्ही गटांचे शाखाप्रमुख नेमले गेले. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले, पण शाखांच्या जागांवरचा हक्क त्या निर्णयाने ठरला नाही. त्यावरून ठाणे, मुंब्रा अशा ठिकाणी दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते आमनेसामने आले.