सुंभाला सुतळीची बदनामी कशाला?
‘नैसर्गिक दोरी एका पावसाची सोबतीण’ असं कोकणात सर्रास ऐकू येतं. तागाच्या सुतळीपुरतं ते खरंही आहे. पण सुंभाला, म्हणजे काथ्याच्या दोरीला, तोच न्याय लावू नका. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कित्येक महिने कुजत घालतात. मऊ भुसा सुटून जातो, काथ्या शाबूत राहतो. कारण लिग्निन, म्हणजे तंतूंना कणखर करणारा, सहजी न कुजणारा घटक: काथ्यात ४० टक्क्यांच्या आसपास, तागात जेमतेम १२. तेव्हा कुंपणाला सुंभच घ्या. पडवळाच्या मांडवाला सुतळी पुरे, हंगाम संपला की वेलासकट खतात.

मासेमारीच्या जाळ्याचं गणित मात्र निराळं. सुंभ जाड, खरखरीत; बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं त्याने विणलं जात नाही. सुती दोरा भिजला की उलट बळकट होतो, पण जिवाणू त्याला खातात. म्हणून नायलॉन येण्याआधी जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत आणि दर वेळी वाळवत.